नारळ कुणाच्या हाती?

मराठी वर्तमानपत्रांच्या क्रीडापानावर नारळ बारमाही पिकतो. फुटबॉलचा एखादा संघ लागोपाठ चार सामने हरला की पाचव्या दिवशी मथळा ठरलेला : 'प्रशिक्षकाला नारळ'. हा मथळा परक्या माणसाला शब्दशः समजावून सांगितला तर तो बुचकळ्यात पडेल. हरल्याबद्दल फळ कशाला देता, असं विचारेल.

त्याचं फारसं चुकत नाही. नारळ आपल्याकडे मानाचा. कामाच्या आरंभी तो फोडायचा, सत्काराला शालीबरोबर द्यायचा, लेक सासरी निघाली की तिच्या ओटीत घालायचा. निरोपाच्या वेळी हातावर नारळ ठेवणं ही जुनी रीत, आणि त्या रीतीतूनच 'नारळ देणं' या शब्दांना कामावरून काढून टाकण्याचा अर्थ चिकटला. म्हणजे मुळात बोलणं सभ्य होतं : आलात, काम केलंत, आता या. पुढे त्यातली सभ्यता वाळून गेली आणि करवंटी तेवढी उरली. अजूनही गंमत अशी, की सत्कारात त्याच फळाला आपण श्रीफळ म्हणतो आणि गच्छंतीत नारळ.

गच्छंती हा शब्दही तपासून पाहावा असा. संस्कृतात 'गच्छन्ति' हे क्रियापद आहे, तेही अनेकवचनी : ते जातात. मराठीनं ते उचललं आणि त्याचं सरळ नाम करून टाकलं. व्याकरणाच्या दृष्टीनं हा अत्याचार असेल, पण फुटबॉलपुरतं अनेकवचन अचूक आहे. मुख्य प्रशिक्षक क्वचितच एकटा जातो. त्यानं आणलेला सहायक, गोलरक्षकांचा शिक्षक, व्यायाम करून घेणारा, सगळे एकाच दिवशी सामान बांधतात.

काढून टाकण्याच्या बाबतीत आपली भाषा भलतीच श्रीमंत आहे आणि प्रत्येक शब्दाचा स्पर्श वेगळा आहे. 'अर्धचंद्र देणं' ऐकायला काव्यमय, पण मानगूट पकडताना अंगठा आणि बोटं यांच्यामध्ये जी कमान होते, ती हा चंद्र. 'उचलबांगडी' म्हणजे हात-पाय धरून माणसाला अलगद उचलून नेणं. शाळा चुकवणाऱ्या पोराला पंतोजींकडे असंच नेत. 'बडतर्फ' त्या मानानं थंड शब्द : फारसी 'बर-तरफ', म्हणजे एका बाजूला. मारणं नाही, ओढणं नाही, नुसतं बाजूला सारणं. आणि 'राजीनामा' तर राजीखुशीचा कागद. राजी म्हणजे संमत, नामा म्हणजे लेख. जुन्या जमीन-महसुलाच्या व्यवहारात शेतकरी आपली जमीन सोडताना राजीनामा लिहून देई आणि नवा खातेदार कबुलायत. आजचे फुटबॉल संघ 'परस्पर संमतीने करार संपुष्टात' असं जे पत्रक काढतात, ते या जुन्या राजीनाम्याचं नवं रूप. संमती नेमकी कोणाची किती, हे त्या काळीही कागदावरून कळत नसे.

इंग्रजी 'सॅक'ची कुळकथा साधी आहे. कारागीर स्वतःची हत्यारं पिशवीत घालून कामावर येई. काम संपलं की मालक पिशवी परत हातात देई. 'त्याला त्याची पिशवी दिली' हा प्रयोग सतराव्या शतकातल्या फ्रेंचमध्ये सापडतो. आपल्या मुलांनी 'सॅक' शब्द घेतला तो शाळेच्या दप्तरासाठी, आणि आता तीच मुलं 'कोचला सॅक केलं' असंही म्हणतात. नारळ आणि सॅक यांच्यात फरक बघा. सॅकमध्ये तुमचंच तुम्हाला परत मिळतं. नारळात देणारा पदरचं काहीतरी देतो.

हा पदरचा नारळ हल्ली महाग झाला आहे. मँचेस्टर युनायटेडनं एरिक टेन हाग यांचा करार जुलै 2024 मध्ये वाढवला आणि 28 ऑक्टोबरला त्यांना घरी पाठवलं. ते आणि त्यांचे सहकारी यांच्या निरोपापायी क्लबला 1 कोटी पाउंडांहून अधिक रक्कम मोजावी लागली. इटलीत हाच हिशेब गोड पदार्थात करतात. तिथे नाताळात 'पानेत्तोने' नावाचा फुगीर केक खातात. डळमळीत प्रशिक्षकाबद्दल लोक विचारतात, हा पानेत्तोने खाईल का? म्हणजे नाताळापर्यंत टिकेल का? पालेर्मो क्लबचे मालक मौरित्सियो झाम्पारिनी तर प्रशिक्षक इतक्या वेगानं बदलत, की 'प्रशिक्षक खाणारा' हेच त्यांचं टोपणनाव पडलं. केक कोण खातो आणि कोण खाल्लं जातं, याचा इतका चोख हिशेब दुसऱ्या भाषेत नसेल.

पण नारळ ज्याच्या हाती जातो, त्याच्या नावाकडे पाहिल्याशिवाय 'द्यावा की नाही' याचं उत्तर सापडणार नाही.

मराठीत कोच तीन. एक दिवाणखान्यातला, त्याचं मूळ फ्रेंच 'आडवं होणं'. दुसरा रेल्वेचा. तिसरा मैदानाच्या कडेला येरझाऱ्या घालणारा. यातला पहिला परका. दुसरा आणि तिसरा मात्र सख्खे भाऊ. हंगेरीत व्हिएन्ना ते बुडा या वाटेवर कोच नावाचं गाव आहे. पंधराव्या शतकात तिथे बनणाऱ्या आरामशीर घोडागाड्या गावाच्या नावानं ओळखल्या जाऊ लागल्या आणि युरोपभर पसरल्या. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी खासगी शिकवणीच्या मास्तराला 'कोच' म्हणायला सुरुवात केली, कारण तो परीक्षेच्या चिखलातून पोराला गाडीत घालून पलीकडे नेई. तिथून हा शब्द वल्ही मारणाऱ्यांकडे आणि मग सगळ्या खेळांकडे गेला. 'ट्रेनर'ही फार दूरचा नाही. त्याच्या मुळाशी ओढत नेणं आहे. आगगाडीची ट्रेन तीच.

म्हणजे इंग्रजी मनात प्रशिक्षक हे वाहन आहे. खेळाडू आत बसलेले, संघ पुढे नेणं हे गाडीचं काम. वाहन रुतलं तर माणूस काय करतो? दुसरं वाहन बोलावतो. कोच बदला ही मागणी त्या शब्दातच दडलेली आहे. आपल्याकडे गाडी हाकतात आणि नको असलेल्याला हाकलतात. दोन्ही क्रियापदं एकाच घरातली. हाकायला नेमलेला माणूस अखेर हाकलला जातो, ही शोकांतिका मराठीनं एका 'ल'मध्ये बसवली आहे.

पोर्तुगीज भाषेत तर या प्रसंगाला 'मानसशास्त्रीय चाबकाचा फटका' म्हणतात. चाबूक बसतो गाडीवानाच्या पाठीवर आणि अपेक्षा अशी, की घोडे दचकून धावतील.

धावतात का? कधी कधी धावतातही. चेल्सीनं मार्च 2012 मध्ये आंद्रे व्हियास-बोआस यांना काढलं. रोबेर्तो दी मात्तेओ आले आणि मे महिन्यात क्लबनं चॅम्पियन्स लीग जिंकली. जानेवारी 2021 मध्ये फ्रँक लॅम्पार्ड गेले, थॉमस टुखेल आले, मे महिन्यात पुन्हा तोच करंडक. नारळवाद्यांचा हा बिनतोड पुरावा. फक्त पुढचं पान उलटायचं नाही. दी मात्तेओ त्याच वर्षी नोव्हेंबरात घरी गेले, टुखेल सप्टेंबर 2022 मध्ये. दुसऱ्या बाजूला जर्मनीचा फ्रायबुर्ग. 2015 साली हा संघ पहिल्या श्रेणीतून खाली घसरला तरी क्लबनं क्रिस्टियान श्ट्राइश यांना ठेवलं. पुढच्याच हंगामात संघ वर आला आणि श्ट्राइश 2024 मध्ये स्वतःच्या मर्जीनं गेले.

अशी उदाहरणं दोन्ही पारड्यांत टाकत बसता येतं. म्हणून नेदरलँड्सच्या लीगमधल्या 1986 ते 2004 या काळाचा अभ्यास मला अधिक बोलका वाटतो. प्रशिक्षक बदलल्यावर संघ सावरले, हे त्यात दिसलं. पण तितकीच घसरण होऊनही ज्यांनी प्रशिक्षक ठेवला, ते संघही तसेच सावरले. तापानं फणफणलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी अंगारा लावला आणि चौथ्या दिवशी ताप उतरला, तर श्रेय अंगाऱ्याला जातं. त्यातलाच हा प्रकार.

आता आपल्या घरची गाडी. 11 जून 2024 रोजी दोह्यात भारतीय पुरुष संघ कतारकडून 1-2 हरला आणि विश्वचषक पात्रतेच्या पुढच्या फेरीची दारं बंद झाली. कतारचा पहिला गोल चेंडू रेषेबाहेर गेल्यावर परत ओढून केलेला, तरी पंचांनी तो मान्य केला. 17 जूनला इगोर स्टिमॅच यांना नारळ. मानोलो मार्केझ आले. ते त्या वेळी एफसी गोवाचेही प्रशिक्षक होते. त्यांच्या हाताखाली भारतानं 8 सामन्यांत 1 जिंकला. जुलै 2025 मध्ये परस्पर संमतीनं निरोप. ऑगस्टमध्ये खालिद जमील आले. मिझोरामच्या ऐझॉल एफसीला 2017 साली आय-लीग जिंकून देणारा हा माणूस. गोव्याच्या सावियो मेदेरांनंतर प्रथमच भारतीय प्रशिक्षक लाभला म्हणून सर्वांना हायसं वाटलं. 14 ऑक्टोबरला मडगावजवळ फातोर्ड्याच्या मैदानावर सिंगापूरनं भारताला 2-1 असं हरवलं आणि 2027 च्या आशिया चषकाची आशा संपली.

सव्वा वर्षात तीन गाडीवान झाले, गाडी तिथेच. याच काळात इंडियन सुपर लीगचा नवा हंगाम हक्कांच्या करारावर अडून लटकला होता. रस्ताच उखडलेला असताना आपण चाबूक कोणत्या रंगाचा असावा यावर वाद घालत होतो. फातोर्ड्यानंतर पुन्हा 'नारळ द्या' सुरू झालंच. गोव्यात नारळांना तोटा नाही, हे खरं.

इथे मला आपला 'प्रशिक्षक' हा शब्द आधाराला घ्यावासा वाटतो. सरकारी वाटतो, लांबलचक आहे, मैदानावर कोणी तो हाक मारायला वापरत नाही. पण त्याचं पोट उघडून पाहा. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकणं-शिकवणं. वेदांगांपैकी एकाचं नावच शिक्षा. मराठीत मात्र शिक्षा म्हणजे दंड. एकाच शब्दानं या माणसाची सारी कारकीर्द सांगितली : संस्कृतातली शिक्षा द्यायची आणि मराठीतली भोगायची. त्याही खाली गेलं तर 'शिक्ष्'चं नातं 'शक्' या धातूशी लागतं. पिण्याची इच्छा ती पिपासा, जाणण्याची ती जिज्ञासा, तशी समर्थ होण्याची इच्छा ती शिक्षा.

हे वाहनाहून अगदी वेगळं चित्र. इथे कोणी कोणाला गाडीत घालून नेत नाही. चालायचं खेळाडूनंच. प्रशिक्षकाचं काम त्याच्यात 'मला जमलं पाहिजे' ही तहान जागी ठेवणं. गाडीच्या हिशेबात प्रश्न एकच उरतो, किती सामने हरलो? प्रशिक्षकाच्या हिशेबात वेगळं विचारावं लागतं : हरणारी पोरं अजून शिकताहेत का? शिकत असतील तर गुणतक्ता कितीही तांबडा दिसो, थांबावं. आणि ती तहानच त्या माणसामुळे विझली असेल, तर चांगल्या निकालांच्या आडोशालाही त्याला ठेवू नये. द्यावा नारळ, वेळेवर आणि जुन्या रीतीनं, दोन्ही हातांनी.

बाजारात आपण नारळ घेतो तो कानाशी धरून, हलवून. आत पाणी वाजलं तरच पिशवीत टाकतो. नारळ देतानाही हीच रीत पाळावी. फक्त तेव्हा कान प्रशिक्षकाला नव्हे, संघाला लावायचा.