सडा, केरसुणी आणि गाळणी : हातात धरावयाच्या व्हॅक्यूम क्लीनरच्या घडणीचा इतिहास

१

गृहोपयोगी साधनांचा इतिहास लिहिताना शोधकाचे नाव, पेटंटाचे वर्ष आणि कारखान्याची भरभराट या तीन गोष्टींवर भर देण्याची प्रथा आहे. या पद्धतीने साधनाची वंशावळ हाती लागते. परंतु ते ज्या केरासाठी निर्माण झाले तो केर, आणि ज्या भुईवर ते चालावयाचे ती भुई, ही दोन्ही दृष्टीआड होतात. हातात धरावयाच्या व्हॅक्यूम क्लीनरच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. हे यंत्र म्हणजे मोठ्या यंत्राची लहान आवृत्ती, एवढेच त्याचे वर्णन सामान्यतः केले जाते. हे वर्णन अपुरे आहे. केर कोणता व तो उचलल्यानंतर त्याचे काय होते, या प्रश्नापासून सुरुवात केली म्हणजे या यंत्राची घडण निराळ्या रीतीने उलगडते. प्रस्तुत लेखात यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी या तालुक्याच्या गावाकडील केर कसोटीस घेतला आहे.

घाटंजीचा परिसर काळ्या जमिनीचा आणि कपाशीचा आहे. या दोन गोष्टींपासून दोन परस्परविरुद्ध प्रकारचा केर तयार होतो. काळ्या जमिनीत चिकणमातीचा अंश निदान ३० टक्के असतो, आणि चिकणमाती म्हणजे ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान कण, अशी मृदाशास्त्राची व्याख्या आहे. उन्हाळ्यात ही जमीन भेगाळते, रस्त्यावर तिचे पीठ होते आणि ते पीठ वाऱ्याबरोबर घरात शिरते. दुसरा केर कपाशीचा. वेचणी सुरू झाली की भाव येईपर्यंत कापूस घरातच ठेवण्याची रीत वऱ्हाडात जुनी आहे. त्यामुळे वाळलेल्या पाल्याचा चुरा आणि सुटे तंतू ओसरीपासून माजघरापर्यंत पसरतात. या भागातील कापसाचा तंतू साधारणपणे २५ ते ३० मिलिमीटर लांब आणि मिलिमीटरचा शंभरावा भाग किंवा त्याहून थोडा अधिक जाड असतो. म्हणजे एकाच घरात एक केर असा की तो कोणत्याही छिद्रातून निसटावा, आणि दुसरा असा की त्याने कोणतेही छिद्र बुजवावे.

२

या केराशी जुन्या मराठी घराने कसा व्यवहार केला, हे भाषेतच नोंदलेले आहे. संस्कृत कोशपरंपरेत झाडण्याच्या साधनास संमार्जनी व शोधनी अशी नावे अमरकोशात दिलेली आहेत. दोन्ही नावे क्रियेवरून, म्हणजे पुसण्यावरून व शुद्ध करण्यावरून पडली आहेत. मराठी ‘केरसुणी’च्या अंगावर मात्र ‘केर’ हा शब्द उघड दिसतो. ज्याच्याशी झगडावयाचे त्याचेच नाव साधनाने धारण केले आहे. वऱ्हाडात घरातील मऊ केरसुणीस ‘फडा’ म्हणतात. अंगणासाठी ताठ काड्यांचा ‘खराटा’ वेगळा. मऊ भुईसाठी मऊ साधन आणि खडबडीत भुईसाठी ताठ साधन, अशी ही वाटणी आहे.

क्रियापदांकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. झाडणे आणि लोटणे या दोन क्रियांचा ‘झाडलोट’ हा जोडशब्द झाला. दोन्ही क्रिया केवळ हलविण्याच्या आहेत; केर धरून ठेवण्याचा अर्थ त्यांत नाही. केर सुपलीत भरणे व उकिरड्यावर टाकणे ही कामे स्वतंत्र आहेत. केरसुणी केराला एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेते, एवढेच तिचे सामर्थ्य. तसे करताना जड केर पुढे सरकतो आणि हलका केर हवेत उडतो.

या उडणाऱ्या केरासाठी घराने दुसरा उपाय योजला होता, तो म्हणजे पाणी. ‘सडासारवण’ हा दुसरा जोडशब्द त्याची साक्ष देतो. अंगणात शेणपाण्याचा सडा टाकल्याने धूळ बसते. मातीची भुई शेणाने सारवल्याने सुटे कण एकमेकांस चिकटून राहतात. झाडण्यापूर्वी पाण्याचा हात मारण्याची सवयही याच जातीची. सडासारवणास मांगल्याचा अर्थ आहे हे खरे. परंतु त्यातच धूळ श्वासात जाऊ न देण्याची एक व्यवस्थाही आहे. म्हणून केरसुणीचा विचार एकटीने करणे चुकीचे ठरते. सडा, केरसुणी, सुपली आणि सारवण ही चार अंगे मिळून एक पूर्ण साधन होते.

या व्यवस्थेची सामाजिक बाजूही विसरता येत नाही. केरसुण्या वळण्याचे काम परंपरेने मातंग समाजाकडे, घर झाडण्याचे काम स्त्रियांकडे, आणि सार्वजनिक जागा झाडण्याचे काम जातीने लादलेले, अशी कष्टांची विभागणी होती. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नव्या केरसुणीस हळदकुंकू वाहणारा समाज ती चालविणाऱ्या हातास मात्र तोच मान देत नव्हता. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेल्या गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) गावोगाव स्वतः खराटा हाती घेतला, त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर समजते. झाडण्याच्या साधनाची चर्चा ही शेवटी ते कोणाच्या हातात आहे आणि त्याची धूळ कोणाच्या छातीत जाते याची चर्चा असते.

३

यंत्राने केर काढण्याचे पाश्चात्त्य प्रयत्न प्रथम फुंकण्याच्या दिशेने गेले. लंडनमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी रेल्वेच्या डब्यातील धूळ दाबाच्या हवेने उडविण्याचा प्रयोग दाखविण्यात आला, तेव्हा ह्यूबर्ट सेसिल बूथ या अभियंत्याच्या लक्षात आले की उडालेली धूळ पुन्हा तेथेच बसते. फुंकण्याऐवजी हवा ओढून ती कापडातून गाळावी, ही त्याची कल्पना होती. १९०१ साली त्याने तिचे पेटंट घेतले. त्याचे यंत्र घोड्यांनी ओढावयाच्या गाडीवर बसविलेले असे; गाडी रस्त्यावर उभी राही आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरात जात. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीतील गालिचे या यंत्राने साफ करण्यात आले. गालिचा हा येथे महत्त्वाचा शब्द आहे. ज्या केराला लोटता येत नाही, जो विणीत अडकतो, त्याच्यासाठी हे यंत्र जन्मास आले. सारवलेल्या भुईवर त्याला काही काम नव्हते. उलट त्याने सारवणाचाच पापुद्रा सोडविला असता.

अमेरिकेतील ओहायो राज्यात कँटन येथे जेम्स मरे स्पँग्लर नावाचा दम्याने पीडित झाडूवाला एका मोठ्या दुकानात काम करीत होता. झाडताना उडणारी धूळ त्याला सहन होईना. पंख्याची मोटार, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एकत्र जोडून त्याने एक यंत्र तयार केले. १९०८ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले आणि ते हक्क पुढे हूवर यांच्याकडे गेले. या घटनेचे दोन अर्थ आहेत. ज्याच्या छातीत धूळ जात होती त्यानेच हे यंत्र शोधले, हा पहिला. दुसरा असा की, यंत्रात झाडूचा दांडा जसाच्या तसा राहिला आणि खरी नवी गोष्ट होती ती अभ्रा, म्हणजे गाळणी.

४

येथे यंत्राच्या तत्त्वाबद्दल थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. यंत्र धूळ ‘ओढते’ हा भाषेचा संकेत झाला. वस्तुतः पंखा फिरल्याने आतील हवेचा दाब कमी होतो आणि बाहेरची हवा आपल्या दाबाने आत शिरताना धूळ बरोबर घेऊन जाते. फुंकलेला झोत नळीच्या तोंडापासून बराच दूरपर्यंत वेग टिकवितो; तोंडाच्या रुंदीच्या तीसपट अंतरावरही त्याचा सुमारे दशांश वेग उरतो. आत शिरणारी हवा मात्र सर्व बाजूंनी येते, म्हणून तोंडाच्या रुंदीइतक्या अंतरावरच तिचा वेग दशांशावर येतो. तात्पर्य, ओढणाऱ्या यंत्राचे तोंड केराच्या अगदी जवळ न्यावे लागते. कोनाडा, फडताळ, खिडकीची चौकट, शिवणयंत्राची खाच अशा ठिकाणी ते नेण्यास हातासारखे दुसरे साधन नाही. हातात धरावयाचे यंत्र ही केवळ सोय नसून शोषणाच्या तत्त्वातूनच निघालेली गरज आहे.

तथापि हातात धरावयाचे म्हटले की वजनाची मर्यादा येते. दोन महायुद्धांमधील काळात तारेने जोडलेली लहान यंत्रे निघाली. हूवर कंपनीचे ‘डस्टेट’ हे त्यांपैकी प्रसिद्ध होय. त्यांना भिंतीतील विजेच्या जोडणीचे बंधन होते. ब्लॅक अँड डेकर कंपनीने १९६१ साली बॅटरीवर चालणारे छिद्रयंत्र काढले, आणि १९७१ च्या अपोलो १५ मोहिमेत चंद्रभूमीत छिद्रे पाडण्यासाठी वापरलेल्या यंत्राच्या घडणीत तिचा सहभाग होता. या अनुभवाचा घरगुती परिणाम म्हणजे १९७९ साली बाजारात आलेले ‘डस्टबस्टर’ हे बिनतारी यंत्र. त्याच्या आकाराची जबाबदारी कॅरल गँट्झ या रचनाकाराकडे होती. उताराचे रुंद तोंड, मागे मूठ, मध्ये केराचे भांडे, आणि भिंतीवर टांगून बॅटरी भरण्याची सोय, ही त्याची घडण पुढे या वर्गाचा नमुनाच ठरली.

येथे लक्ष वेधते ते भिंतीवरील टांगणे. मोठा व्हॅक्यूम क्लीनर कपाटातून काढावा, त्याच्या नळ्या जोडाव्यात, तार पसरावी, मग काम करावे. डस्टबस्टर मात्र खुंटीवरील केरसुणीप्रमाणे हाताशी राहिले. सांडलेले चिमूटभर पीठ त्या क्षणी उचलणे हे त्याचे काम. या दृष्टीने ते मोठ्या यंत्राची लहान आवृत्ती नसून केरसुणीच्या जागी आलेले साधन आहे; शिवाय सुपलीचे कामही त्याने आपल्या पोटात घेतले आहे.

५

परंतु चार अंगांपैकी सड्याचे काय झाले? विजेच्या यंत्रात पाणी शिंपडता येत नाही. धूळ बसविण्याचे काम आता गाळणीवर येऊन पडले. आणि याच ठिकाणी या यंत्राची खरी परीक्षा होते.

जुन्या उभ्या यंत्रांत केर आधी पंख्यातून जाई व मग पिशवीत पडे. हातयंत्रात क्रम बदलला : तोंड, भांडे, गाळणी, पंखा आणि शेवटी हवा बाहेर पडण्याची फट. पंख्याची लहान व वेगवान पाती केरापासून सुरक्षित राहिली, पण गाळणी अरुंद जागेत दाटीने बसवावी लागली. घाटंजीकडील केर तिच्यावर दोन बाजूंनी हल्ला करतो. तंतू गाळणीवर आडवे पडून नमद्यासारखा थर धरतात. हवा कमी होते आणि मोटारीचा आवाज चढतो. तो आवाज अधिक कामाचा नसून काम थांबल्याचा असतो, कारण ढकलावयास हवाच न उरल्याने पंखा मोकळा फिरू लागतो. मातीचे सूक्ष्म कण मात्र साध्या जाळीतून पार होतात आणि मागच्या फटीतून बाहेर येतात. केरसुणीने उडविलेली धूळ भुईजवळून उठते. हातयंत्राची धूळ मात्र काम करणाऱ्याच्या तोंडासमोर सुटते. अत्यंत दाट गाळणी ०.३ मायक्रॉनचे कणही ९९.९७ टक्के अडवू शकते, परंतु तिच्यातून हवा ढकलण्यास अधिक शक्ती लागते, आणि अधिक शक्ती म्हणजे अधिक वजनाची बॅटरी. १९९१ साली बाजारात आलेल्या लिथियम-आयन बॅटरीने ही अडचण सौम्य केली, नाहीशी केली नाही.

या पेचातून निघण्याचा दुसरा मार्ग गिरण्यांना व कारखान्यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ठाऊक होता. धुळीची हवा शंकूच्या आकाराच्या भांड्यात गोल फिरविली की जड केर कडेला फेकला जाऊन खाली उतरतो. लाकूड कापण्याच्या कारखान्यातील असे भांडे पाहून जेम्स डायसन यांनी ५,००० हून अधिक नमुने करून ही युक्ती घरगुती यंत्रात आणली, हे सुविदित आहे. वऱ्हाडाच्या दृष्टीने ही युक्ती परकी नाही. २००० साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानात जिनिंग कारखान्यांच्या आधुनिकीकरणास चालना मिळाली. त्यात कापूस नळीतून हवेने वाहून नेणे व धुळीची हवा चक्रवाती भांड्यातून काढणे या गोष्टींना स्थान होते. कारण स्पष्ट आहे. कापसाची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेल्याने बिसिनोसिस हा फुप्फुसाचा रोग जडतो. जिनातील मोठे शंकू आणि हातातील यंत्राचे वीतभर शंकू एकाच तत्त्वाचे आहेत. जिनात ज्या धुळीपासून कामगारास वाचवावयाचे, त्याच धुळीपासून घरात गृहिणीस वाचवावयाचे आहे.

६

महाराष्ट्रात व्हॅक्यूम क्लीनरचा घरोघरी प्रसार झाला तो प्रामुख्याने १९८२ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या युरेका फोर्ब्स कंपनीमुळे. तिचे विक्रेते दारोदार जाऊन गृहिणीसमोर प्रयोग करून दाखवीत. गादीतून निघालेली धूळ प्रत्यक्ष दाखविणे हा त्या प्रयोगाचा कळस असे. या प्रयोगात यंत्राने किती धूळ घेतली ते दिसे. यंत्रातून किती धूळ परत आली ते दिसत नसे. विक्रीची ही दृष्टी आजही जाहिरातींतून टिकून आहे. शोषणशक्तीचा आकडा ठळक छापला जातो. गाळणीचा उल्लेख बारीक अक्षरात येतो.

या विवेचनावरून असे दिसते की, हातात धरावयाच्या व्हॅक्यूम क्लीनरची योग्यता त्याच्या तोंडाशी मोजण्यापेक्षा त्याच्या मागील फटीशी मोजली पाहिजे. जुन्या व्यवस्थेत धूळ बसविण्याचे काम केर लोटण्याच्या आधी होत असे. नव्या यंत्राने क्रम उलटविला : केर आधी उचलावयाचा आणि धूळ नंतर अडवावयाची. हा क्रम ज्या यंत्रात पुरा होतो ते केरसुणीपेक्षा निश्चित सरस. ज्यात अर्धा राहतो ते यंत्र सड्याशिवाय मारलेल्या केरसुणीहून चांगले नाही, फक्त महाग आहे. त्यात भर म्हणजे केरसुणी झिजली की मातीत मिळते आणि नवी गावातच वळून मिळते. बुजलेली गाळणी व संपलेली बॅटरी यांना हा मार्ग नाही. म्हणून अशा यंत्राच्या रचनेत गाळणी हाताने सहज निघावी, पाण्याने धुता यावी, वाळवून पुन्हा बसविता यावी आणि तिच्यापुढे तंतू अडविणारी वेगळी जाळी असावी, या अपेक्षा कपाशीच्या मुलखाने रचनाकारांपुढे ठेवणे रास्त आहे. धुतलेल्या गाळणीच्या रूपाने पाणी पुन्हा या कामात येते, आणि सडासारवणात आरंभी असलेले त्याचे स्थान आता शेवटी येते, एवढाच फरक उरतो.