हवेत उभी राहणारी प्रतिमा : भूत, होलोग्राम आणि पुरावा (थ्रेड)

१/
२३ जानेवारी २०२२. दिल्लीत इंडिया गेटजवळच्या दगडी छत्रीखाली नेताजी सुभाषचंद्र बोस यांची उजळ प्रतिमा प्रकट झाली. उंची २८ फूट, रुंदी ६ फूट. याच छत्रीत एके काळी पंचम जॉर्जचा पुतळा उभा होता. तो १९६८ मध्ये तेथून हलवण्यात आला. रिकाम्या छत्रीत आता प्रकाशाचा पुतळा आला होता. सरकारी निवेदनात त्याला ‘होलोग्राम पुतळा’ म्हटले होते.

२/
त्याच निवेदनात यंत्रणेचाही तपशील होता. ३०,००० ल्यूमेन क्षमतेचा फोर-के प्रोजेक्टर आणि ९० टक्के पारदर्शक असा पडदा. तो पडदा पाहणाऱ्यांच्या लक्षात येणार नाही अशा रीतीने बसवलेला होता. म्हणजे प्रतिमा हवेत नव्हती. ती पडद्यावर होती आणि पडदा दृष्टीआड होता. ही दृष्टीआड ठेवण्याची कला दोनशेहून अधिक वर्षांची आहे. या थ्रेडमध्ये तिचा इतिहास.

३/
आधी एक भौतिक नियम. कौलाच्या फटीतून माजघरात उतरणारा कवडसा सर्वांनी पाहिलेला असतो. वास्तविक तेथे दिसतो तो प्रकाश नव्हे. दिसतात ते प्रकाश विखुरणारे धूलिकण. धूळ नसेल तर कवडसाही दिसणार नाही. किरण वळून डोळ्यांत शिरला तरच तो दिसतो आणि स्वच्छ हवा त्याला पुरेसे वळवत नाही. म्हणून हवेत चित्र काढायचे, तर हवेत काहीतरी असावेच लागते. पुढचा सारा इतिहास म्हणजे या ‘काहीतरी’चा शोध.

४/
पहिले उत्तर होते धूर आणि मेणकापड. लिएज येथे जन्मलेल्या एतिएन-गास्पार रोबेर याने ‘रॉबर्टसन’ हे नाव घेऊन १७९८ मध्ये पॅरिसमध्ये ‘फँटास्मागोरी’ नावाचे प्रयोग सुरू केले. पुढच्याच वर्षी ते कापुचिन पंथाच्या ओस पडलेल्या मठात हलले. जादूचा कंदील पडद्यामागे चाकांवर ठेवलेला असे. तो मागेपुढे सरकवला की अंधारातले भूत लहानमोठे होई आणि प्रेक्षकांच्या अंगावर धावून येत असल्याचा भास होई. काही प्रतिमा थेट धुरावर टाकल्या जात.

५/
हे पॅरिस क्रांतीच्या कत्तलीतून नुकतेच बाहेर आले होते. प्रेक्षकांपैकी कित्येकांच्या घरातले कोणी ना कोणी गिलोटिनखाली गेलेले. रॉबर्टसन त्यांना मृतांचे चेहरे दाखवी. एका प्रयोगात कोणीतरी सोळाव्या लुईला परत आणण्याची मागणी केली, असा प्रसंग त्या काळच्या वृत्तांतात आहे. मागणी धोक्याची होती. पोलिसांनी प्रयोग काही काळ बंद पाडले. मेलेल्या माणसाची प्रतिमा उभी करणे ही केवळ करमणूक नसते, हे राज्यकर्त्यांना तेव्हाच कळले होते.

६/
जादूच्या कंदिलाची एक शाखा महाराष्ट्रातही फुलली. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९० च्या दशकात आपल्या मुलांसह काचेवर रंगवलेल्या चित्रांचे खेळ सुरू केले. पुराणकथांतली पात्रे पडद्यावर हलत. खेळाला त्यांनी नाव दिले ‘शांबरिक खरोलिका’. शांबरी म्हणजे मायाविद्या. नावातच कबुली होती : हा खेळ मायेचा आहे. त्या काळच्या खेळकऱ्यांचा हा प्रामाणिकपणा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

७/
दुसरे उत्तर होते काच. हेन्री डर्क्स या इंग्रज अभियंत्याने १८५८ मध्ये लीड्स येथे भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात रंगमंचावर भूत आणण्याची एक रचना मांडली. कल्पना अचूक होती. परंतु तिच्यासाठी नाट्यगृहाचीच बांधणी बदलावी लागली असती. नाट्यगृहांच्या मालकांनी तिच्याकडे पाठ फिरवली.

८/
लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेतील जॉन हेन्री पेपर यांनी ती अडचण दूर केली. रंगमंचाच्या पुढच्या भागात मोठी, स्वच्छ काच तिरकी उभी करायची. तिच्यासमोर खाली, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या खोल जागेत नट उभा राहील. त्याच्यावर तीव्र प्रकाश पडला की त्याचे प्रतिबिंब काचेत उमटेल. काचेपलीकडचा रंगमंचही दिसत राहील. प्रकाश मंद केला की भूत विरून जाईल. २४ डिसेंबर १८६२ रोजी डिकन्सच्या एका कथेवर आधारित प्रयोगात ते भूत लंडनने पाहिले.

९/
१८६३ मध्ये पेटंटसाठी दोघांची नावे एकत्र आली, पण आर्थिक हक्क डर्क्सने पेपर यांच्याकडे सोपवले. त्याच वर्षी डर्क्सने आपली बाजू मांडणारे पुस्तक काढले. उपयोग झाला नाही. आजही जगभर ती युक्ती ‘पेपर्स घोस्ट’ म्हणूनच ओळखली जाते. भूत लंडनला दिसले. ज्याने ते प्रथम कल्पिले, तोच अदृश्य झाला.

१०/
तिसरे उत्तर रंगमंचावरून आले नाही. ते प्रयोगशाळेतून आले. बुडापेस्टमध्ये जन्मलेले डेनिस गाबोर १९४७ मध्ये इंग्लंडमधील रग्बी येथे एका विद्युत कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत होते. त्यांना भूत उभे करायचे नव्हते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातला दोष टाळून अधिक स्पष्ट प्रतिमा मिळवायची होती. १९४८ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांची पद्धत प्रसिद्ध झाली. ग्रीक ‘होलोस’ म्हणजे संपूर्ण, त्यावरून होलोग्राम.

११/
संपूर्ण म्हणजे काय? छायाचित्रात केवळ प्रकाशाची तीव्रता नोंदली जाते. तरंग कोणत्या दिशेने आणि कोणत्या कलेत आला, ही माहिती हरवते. गाबोर यांनी वस्तूवरून आलेला तरंग दुसऱ्या एका नियमित तरंगात मिसळला. त्या व्यतिकरणातून काचपट्टीवर अतिसूक्ष्म रेषांची नक्षी उमटली. त्या नक्षीवर पुन्हा तसाच प्रकाश टाकला की मूळ तरंग जसाच्या तसा परत निघतो. डोळ्याला वस्तू तेथेच असल्यासारखी वाटते. मान हलवली की तिची दुसरी बाजू दिसते.

१२/
पाऱ्याच्या दिव्याच्या प्रकाशावर हे फारसे साधत नव्हते. १९६० मध्ये लेझर आला आणि चित्र पालटले. सोव्हिएत संघात युरी डेनिस्युक यांनी १९६२ मध्ये साध्या प्रकाशातही पाहता येतील अशा होलोग्रामची पद्धत मांडली. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातील एमेट लीथ आणि युरिस उपातनीक्स रडारवरील संशोधनातून याच वाटेवर आले होते. १९६४ मधील त्यांचा खेळण्यातल्या आगगाडीचा होलोग्राम प्रसिद्ध आहे. १९७१ मध्ये गाबोर यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

१३/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबावे. अभिजात होलोग्राम ही नोंद असते. ती वस्तू त्या क्षणी त्या प्रकाशासमोर प्रत्यक्ष होती, याची ती साक्ष असते. या अर्थाने तो ताम्रपटाच्या किंवा अस्सल पत्राच्या जवळ जातो. पेपरचे भूत हा मात्र प्रयोग असतो. खालच्या जागेत जो उभा केला जाईल, तो वर दिसेल. एक दस्तऐवज, दुसरे नाटक. दोन्ही आपापल्या जागी उत्तम. गोंधळ सुरू होतो तो दोघांना एकच नाव मिळाल्यावर.

१४/
तो गोंधळ सिनेमाने पक्का केला. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये एका यंत्रमानवातून झोत निघतो आणि राजकन्या लेआ हवेत उभी राहून मदतीची याचना करते. सर्व बाजूंनी दिसणारी, भोवती पडदा नसलेली. चित्रपटात ती चित्रीकरणानंतर मिसळलेली प्रतिमा होती. त्यानंतर लोकांच्या मनात ‘होलोग्राम’ या शब्दाचा अर्थ लेआ असाच झाला.

१५/
वास्तविक होलोग्राम लेआ दाखवू शकत नाही. कारण भूमितीचे आहे. होलोग्राममधून निघालेला किरण प्रतिमेतून जाऊन डोळ्यापर्यंत यायला हवा. म्हणून प्रतिमेकडे पाहताना होलोग्रामची पट्टी नेहमी त्याच दृष्टिरेषेत असावी लागते. प्रतिमा पट्टीच्या पुढे तरंगू शकते, पण बाजूला जाऊन पाहिले की नाहीशी होते. होलोग्राम म्हणजे खिडकी. खिडकीच्या चौकटीबाहेरचे तिच्यातून दिसत नाही.

१६/
हलत्या होलोग्रामची अडचण आणखी मोठी. सर्व कोनांतून दिसण्यासाठी प्रत्येक बिंदू प्रकाशाच्या तरंगलांबीच्या सुमारे निम्मा, म्हणजे पाव मायक्रोमीटरच्या आसपास हवा. एक मीटर लांब-रुंद पडद्यासाठी हिशेब होतो सुमारे १६ लाख कोटी बिंदूंचा. फोर-के पडद्यावर असतात सुमारे ८३ लाख. म्हणजे जवळजवळ १९ लाख पट, आणि ते सारे सेकंदाला अनेकदा बदलायचे. स्टीफन बेंटन यांच्या एमआयटीतील गटाने १९८९ च्या सुमारास हलता होलोग्राम दाखवला, तेव्हा ती प्रतिमा जेमतेम काही सेंटीमीटरची होती.

१७/
रंगमंचाला एवढी वाट पाहायची नव्हती. १५ एप्रिल २०१२ रोजी कॅलिफोर्नियातील कोचेला महोत्सवात रॅप गायक तुपाक शकूर ‘अवतरला’. जगभर बातमी झाली ती होलोग्रामची. प्रत्यक्षात संगणकावर घडवलेली आकृती तिरक्या ताणलेल्या पारदर्शक पापुद्र्यावर परावर्तित होत होती. १८६२ ची काच पातळ झाली होती, इतकेच. त्याच वर्षी गुजरातच्या निवडणुकीत आणि पुढे २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत नरेंद्र मोदी यांची भाषणे याच प्रकारच्या तंत्राने एकाच वेळी अनेक ठिकाणी दाखवली गेली.

१८/
या दोन उदाहरणांतला भेद सूक्ष्म, पण महत्त्वाचा. प्रचारसभेतला वक्ता हयात होता आणि शब्द त्याचेच होते. तुपाकच्या आकृतीने मात्र प्रेक्षकांना ‘कोचेला’ असे नाव घेऊन साद घातली. तुपाकचा मृत्यू सप्टेंबर १९९६ मध्ये झाला. कोचेला महोत्सव सुरू झाला १९९९ मध्ये. जे व्यासपीठ त्याच्या हयातीत नव्हतेच, त्याचे नाव त्याच्या तोंडी घातले गेले. बखरीत असा कालविपर्यास आढळला, तर अभ्यासक त्या मजकुराला प्रक्षिप्त ठरवतात.

१९/
मग खरोखर हवेतले चित्र अशक्य आहे काय? नाही. २००६ मध्ये जपानी संशोधकांनी तीव्र लेझर एका बिंदूवर एकवटून हवेचेच आयनीभवन केले. हवाच ठिणगीसारखी चमकली. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या डॅनियल स्मॉली यांच्या गटाने सेल्युलोजचा एक सूक्ष्म कण लेझरच्या सापळ्यात पकडून वेगाने फिरवला आणि त्यावर लाल, हिरवा, निळा प्रकाश टाकला. २०१९ मध्ये ससेक्स विद्यापीठाने हेच काम ध्वनीकडून करून घेतले : ५१२ लहान ध्वनिक्षेपकांच्या दाबावर तरंगणारा थर्माकोलचा मणी.

२०/
म्हणजे कवडशातली धूळ अखेर माणसाच्या हुकमात आली. या प्रतिमा सर्व बाजूंनी दिसतात. त्यांना खिडकी लागत नाही. लेआची वाट होलोग्रामच्या गल्लीतून जात नव्हती, हेही त्यातून स्पष्ट झाले. शस्त्रक्रियेपूर्वी अवयव हवेत फिरवून पाहणे, कित्येकांनी एका मूर्तीभोवती उभे राहून तिची चर्चा करणे, अशा शक्यता त्यातून दिसू लागल्या.

२१/
मर्यादाही तितक्याच ठोस. एकच कण डोळ्याला स्थिर चित्र भासवायचा, तर पूर्ण आकृती सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागात रेखाटून व्हावी लागते. म्हणून स्मॉली यांची चित्रे नखाएवढी. वाऱ्याची झुळूक आली की कण सापळ्यातून निसटतो. हवेची ठिणगी पेटवणारा लेझर डोळ्यांना घातक ठरू शकतो. शिवाय प्रकाशाचे बिंदू एकमेकांना झाकत नाहीत. म्हणून चेहऱ्यातून मागची भिंत दिसते आणि काळा रंग उमटतच नाही. काळे केस, काळा अंगरखा हवेत रंगवायचा तर अंधारच उसना घ्यावा लागेल.

२२/
या सर्वांत एक उदाहरण दिशादर्शक आहे. अमेरिकेतील शोआ फाउंडेशनने ज्यूंच्या संहारातून वाचलेल्या पिंखस गुटर यांच्यासारख्या साक्षीदारांना अनेक कॅमेऱ्यांसमोर बसवून असंख्य प्रश्न विचारले. २०१७ पासून शिकागोजवळच्या स्कोकी येथील संग्रहालयात प्रेक्षक त्यांच्या प्रतिमेला प्रश्न विचारतात आणि संगणक नोंदींतून योग्य उत्तर निवडतो. याही प्रतिमेला लोक होलोग्राम म्हणतात. तीही रंगमंचीय प्रक्षेपणच आहे. पण ती बोलते ते त्या माणसाने स्वतः बोललेलेच. जे विचारले गेले नव्हते, त्याचे उत्तर तिच्याजवळ नसते. साक्षीदाराचे मौनही येथे राखले गेले आहे.

२३/
याचा अर्थ असा की, प्रतिमा काचेवर आहे, पापुद्र्यावर आहे की तरंगत्या कणावर, हा अभियंत्याचा प्रश्न. तिच्या तोंडचे शब्द कोणाचे, हा इतिहासाचा. पहिला प्रश्न पुढच्या काही दशकांत बराच सुटेल. दुसरा तेव्हा अधिक अवघड होईल. कारण आज निदान पडदा शोधता येतो, उद्या कदाचित तोही नसेल. संभाजी महाराज किंवा सावित्रीबाई हवेत उभे राहून बोलू लागतील, तेव्हा टाळ्या वाजवण्यापूर्वी विचारायचे : हे वाक्य कोणत्या साधनात आहे?

२४/
इंडिया गेटजवळची ती प्रकाशप्रतिमा पहिल्यापासूनच तात्पुरती होती. ८ सप्टेंबर २०२२ रोजी त्याच छत्रीखाली नेताजींचा काळ्या ग्रॅनाइटचा पुतळा बसला. उंची तीच, २८ फूट. २८० टनांच्या अखंड शिळेतून कोरलेला, ६५ टन वजनाचा. प्रकाशाला जो काळा रंग साधत नव्हता, तो दगडाने दिला. प्रोजेक्टर बंद झाला. दगड भोवती फिरून, सर्व बाजूंनी, दिवसाउजेडी पाहता येतो.

(समाप्त)