महामार्गाला ‘धोका’ ठरलेली मुले

ऑल्गा टेलिस खटल्याचे नाव आपल्या प्रत्येक अभ्यासवर्गात निघते. १० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने कलम २१ मधील जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो असे सांगितले. हे आम्हीही भाषणांत अभिमानाने सांगतो. पण त्याच निकालात विलेपार्ल्याच्या कामराज नगरचे काय झाले, याची चर्चा क्वचितच होते.

कामराज नगर पश्चिम द्रुतगती महामार्गालगतची वस्ती, चारशेहून अधिक झोपड्यांची. महामार्गाच्या कडेने पाण्याचे नळ टाकणाऱ्या कंपनीच्या मजुरांनी १९६०-६१ च्या सुमारास ती उभी केली, असे याचिकाकर्त्यांचे म्हणणे होते. म्हणजे शहराला पाणी पोहोचवणारे हात तिथेच राहिले. जुलै १९८१ मध्ये, भर पावसात, अंतुले सरकारने मुंबईतील फुटपाथवासीयांना हुसकावण्याची मोहीम काढली. या याचिकाकर्त्यांमध्ये तमिळनाडूतील सेलमचा एक भूमिहीन मजूर होता. दुष्काळाने तो मुंबईत आला, दहिसरच्या रसायन कंपनीत दिवसाला २३ रुपये मिळवत होता. महामार्गाच्या फुटपाथवरच्या प्लास्टिक आणि कॅनव्हासच्या आडोशासाठी झोपडीदादाने त्याच्याकडून अडीच हजार रुपये उकळले होते. आडोसा तोडून त्याला बायकोमुलींसह सेलमच्या बसमध्ये बसवले गेले. तो एकटा परत आला आणि पुन्हा फुटपाथवर राहू लागला. काम मुंबईत होते, दुसरे काय करणार?

न्यायालयाने उपजीविकेचा हक्क मान्य केला, पण कामराज नगर हटवण्यापासून वाचले नाही. कारण काय, तर वस्ती महामार्गाला जोडणाऱ्या रस्त्यावर आहे, झोपड्यांना नोंदणी क्रमांक नाहीत, आणि वस्तीतील मुले भरधाव वाहनांच्या महामार्गावर भटकतात, त्यामुळे वाहतुकीला गंभीर धोका होतो. हा शेवटचा मुद्दा आम्ही पुन्हा पुन्हा वाचला. मोटारीखाली येणार मूल, आणि धोका मानला गेला मोटारीला! मुलांसाठी कुंपण, पूल किंवा वेगमर्यादा हा उपाय झाला नाही. उपाय झाला घर काढणे.

पुन्हा बघा. ११ जुलै १९९७. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक शेजारच्या पूर्व द्रुतगती महामार्गावर उतरले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. समर्थन काय दिले? जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. पण युक्तिवादाची जात ओळखीची आहे: रस्ता मौल्यवान, वस्ती धोकादायक. तसले टँकर रोज वस्तीच्या दाराशेजारून जातात, त्यात वस्तीला धोका आहे असे कुणाला वाटत नाही.

आवाजाचेही तेच. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. चौदा एप्रिलला आमच्या मिरवणुकीजवळ हा नियम घेऊन पोलीस हजर असतात. (नियम पाळावाच, त्याबद्दल वाद नाही.) पण रात्रभर ट्रकच्या गुरगुरीत झोपणाऱ्या वस्तीसाठी तोच नियम कोण काढतो? पेडर रोडच्या उड्डाणपुलाला तिथल्या रहिवाशांनी विरोध केला, त्यात लता मंगेशकर होत्या. पूल झाला नाही. त्यांचा विरोध चुकीचा होता असे आम्ही म्हणत नाही. घराशेजारी रस्ता नको म्हणण्याचा तो अधिकार महामार्गाकडेच्या माणसालाही आहे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आज पूर्व द्रुतगती महामार्गावर ठाण्याकडे उन्नत मार्ग येतो आहे आणि त्यासाठी रमाबाई नगरातील घरे हलत आहेत. पुनर्विकासाच्या बैठकांत चौरस फूट आणि भाड्याच्या धनादेशावर चर्चा होते, ती व्हायलाच हवी. सोबत नकाशाही मागा. नवी इमारत उन्नत मार्गापासून किती मीटरवर आहे? कोणत्या मजल्याच्या खिडक्या वाहनांच्या पातळीवर येतात? आवाज अडवणारी भिंत आराखड्यात आहे का? आणि मुले शाळेत जाताना महामार्ग कुठून ओलांडणार? उत्तरे तोंडी घेऊ नका, करारनाम्यात लिहून घ्या.