गोल चित्राच्या मधोमध कोण उभं असतं?

मोबाइलवर बोट फिरवलं की चारी बाजूंनी किल्ला दिसतो. वर आभाळ, पायाशी फरसबंदी, मागे तटबंदी. याला आपण व्हर्च्युअल टूर म्हणतो आणि कालपरवाचा शोध समजतो. पण ही हौस सव्वादोनशे वर्षांहून जुनी आहे. आणि तिच्या इतिहासात आपला देश आहे तो बघणारा म्हणून नाही, दाखवला गेलेला म्हणून.

रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने १७८७ मध्ये गोल चित्राचं पेटंट घेतलं. १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्यासाठी खास गोल इमारत उभी राहिली. तिकीट काढायचं, अंधाऱ्या वाटेने मधल्या चौथऱ्यावर यायचं, की भोवती सगळीकडे चित्रच. उजेड वरून, चित्राच्या कडा झाकलेल्या. माणसाला वाटायचं, आपण तिथेच उभे आहोत.

४ मे १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं, टिपू मारला गेला. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये रॉबर्ट केर पोर्टरने त्या हल्ल्याचं सुमारे १२० फूट लांबीचं चित्र अर्धवर्तुळात मांडून लोकांना दाखवलं. पोर्टर जेमतेम तेविशीचा, हिंदुस्थान पाहिलेलाही नाही. तरी लंडनकरांसाठी श्रीरंगपट्टण म्हणजे तेच. प्रेक्षक उभा होता तो हल्ला करणाऱ्यांच्या बाजूला, हे वेगळं सांगायला नको.

मग कॅमेरा आला. १८५८ मध्ये फेलिचे बिआटो लखनौला पोचला, शहर इंग्रजांनी नुकतंच परत घेतलं होतं. कैसरबागेच्या उंच जागेवरून कॅमेरा थोडा थोडा वळवत त्याने फोटो काढले आणि कडेला कड जोडून अख्खं शहर एका पट्टीत बसवलं. त्याच बिआटोच्या सिकंदरबागेच्या फोटोत अंगणभर सांगाडे दिसतात. तिथली कत्तल नोव्हेंबर १८५७ ची, म्हणजे फोटोच्या काही महिने आधीची. फोटोसाठी ती हाडं मुद्दाम मांडली गेली, असं अनेक अभ्यासक मानतात. कॅमेरा खोटं बोलत नाही म्हणणाऱ्यांनी हा फोटो जरूर बघावा.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्यानंतर इंग्रजांनी लष्कर हलवायला सोपं जावं म्हणून लखनौच्या जुन्या वस्तीतून रुंद रस्ते काढले, मोठा भाग पाडून टाकला. आज ते हरवलेलं शहर शोधायचं तर बिआटोच्या त्या पट्टीकडेच जावं लागतं. जेत्याने स्वतःसाठी काढलेला फोटो, आणि हरलेल्यांच्या शहराचा पुरावा तोच!

आता आपल्या नगरकडे येतो. गूगलचं स्ट्रीट व्ह्यू २००७ मध्ये अमेरिकेत सुरू झालं. आपल्याकडे २०११ ला बंगळुरूत पोलिसांच्या हरकतीने अडलं, २०१६ ला केंद्राने सुरक्षेच्या कारणावरून परवानगी नाकारली. २०२१ च्या नव्या धोरणात असं चित्रण फक्त भारतीय कंपन्यांनी करायचं ठरलं. जुलै २०२२ मध्ये ते दहा शहरांत सुरू झालं. त्यात महाराष्ट्रातली चार होती: मुंबई, पुणे, नाशिक आणि चक्क आपलं नगर.

मला याचा आनंदच आहे. पण गाडीवरचा कॅमेरा गाडी जाईल तिथेच जातो. वाड्याचा चौक, बोळातली मशीद, पडकी बारव, वेशीची आतली बाजू त्याला कुठून दिसणार? शिवाय ते फोटो किती वर्षं ठेवायचे, जुने कधी काढून टाकायचे, हे ठरवणार कंपनी. त्यात ना नगरकरांचा शब्द, ना महापालिकेचा.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आज ३६० अंशांचा कॅमेरा चांगल्या मोबाइलच्या किमतीत मिळतो. महापालिकेने आणि कॉलेजांनी मिळून जुन्या वास्तूंचं आतून-बाहेरून चित्रण करावं. प्रत्येक फोटोला तारीख, जागा आणि कुठे उभं राहून काढला याची नोंद हवी. आणि मूळ प्रत आपल्या वस्तुसंग्रहालयात राहिली पाहिजे. वाडा पाडायची परवानगी देण्याआधी एवढं चित्रण सक्तीचं करायला काय हरकत आहे?

वाडे पडणारच आहेत, सगळेच काही वाचवता येणार नाहीत. पण पन्नास वर्षांनी कुणी विचारलं की इथे काय होतं, तर उत्तर आपल्या हातात असावं. मधोमध कोण उभं राहणार हे या वेळी तरी आपण ठरवू. तुमच्या गल्लीतली कोणती वास्तू आधी घ्यावी, ते खाली लिहा. यादी करून मी महापालिकेत देतो.