पत्ता बदलताना

पोरिरुआ हे वेलिंग्टनच्या उत्तरेचे खाडीकाठचे शहर. शहराचा दर्जा त्याला १९६५ साली मिळाला. इथल्या सिटी कौन्सिलची वेबसाइट बरीच वर्षे 'पीसीसी डॉट गव्ट डॉट एनझेड' या पत्त्यावर होती. आता पीसीसी म्हणजे पोरिरुआ हे बाहेरच्या माणसाला कसे कळावे? पुढे कौन्सिलने 'पोरिरुआसिटी डॉट गव्ट डॉट एनझेड' हे नाव घेतले. नाव सुधारले खरे, पण अशा स्थलांतरात एक धोका असतो.

१९९८ साली सुरू झालेल्या गूगलने पानाची पत ठरवताना एक साधी गोष्ट धरली: इतर किती आणि कोणती पाने त्याच्याकडे बोट दाखवतात. हे बोट पत्त्याकडे असते, मालकाकडे नाही. तोच मजकूर नव्या नावावर नेला की वर्षानुवर्षांची पुण्याई जुन्या दारातच राहते.

गंमत म्हणजे यावरचा उपाय गूगलहून जुना आहे. मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.० च्या मसुद्यात ३०१ हा संकेत आहे. अर्थ, 'कायमचे स्थलांतर'. (३०२ म्हणजे तात्पुरते.) मात्र प्रत्येक जुने पान त्याच्याच नव्या पानाकडे वळवायला हवे. सगळ्यांना मुखपृष्ठावर आणून सोडणे म्हणजे पोस्टमनने अख्ख्या सोसायटीची पत्रे वॉचमनकडे टाकून जाण्यासारखे! २००९ पासून गूगलला पत्ताबदल वेगळा कळवताही येतो.

२०१४ साली नव्या नावांचा मोह आणखी वाढला. २७ ऑगस्टला देवनागरीतले 'डॉट भारत' आले, मराठीसाठीही. ३० सप्टेंबरला न्यूझीलंडने मधले 'को' गाळून थेट 'डॉट एनझेड' नावे खुली केली. मधले दोन अक्षरी शेपूट गेले, तरी यंत्राच्या लेखी तो पूर्ण वेगळा पत्ता.

आणि खरी गोम पुढेच आहे. ही वळणे निदान वर्षभर ठेवा, असे गूगल सांगते. वर्ष सरले की जुन्या नावाचे पैसे भरणे वायफळ वाटू लागते. सरकारी 'गव्ट' नाव कुणा ऐऱ्यागैऱ्याला मिळत नाही. दुकानदाराने सोडलेले 'को' नाव मात्र कोणीही घेऊ शकतो, आणि त्याच्याकडे बोट दाखवणारी सगळी पाने मग त्या नव्या मालकाकडे गिऱ्हाईक पाठवतात.

तेव्हा मंडळी, नवे नाव जरूर घ्या, पण जुन्याची वर्गणी भरत राहा.