इस्लापूर ते हिजाज : जियारतीची वाट आणि आपली विस्मृती

पैनगंगेच्या काठच्या इस्लापूर भागात कुणी हज किंवा उमरा करून परतले की आजही घर माणसांनी भरून जाते. आबे-जमजमचा घोट मिळतो, खजुराचा दाणा हातावर पडतो आणि मग विचारले जाते, "हाजीसाब, क्या क्या देखे?" पूर्वी या प्रश्नाच्या उत्तराला रात्र पुरत नसे. आता मोबाइल पुढे केला जातो. त्यात काबा असतो, घड्याळाचा उंच मनोरा असतो, हॉटेलची खोली असते. उहुदच्या पायथ्याशी उभे राहून काढलेले छायाचित्रही असते. पण त्या मैदानावर नेमके काय घडले, तिरंदाजांची टेकडी कोणती, असे विचारले की सांगणारा अडखळतो. हा दोष एकट्या हाजीसाबांचा नाही. पाहणे आणि जाणणे यांची आपण जी फारकत केली आहे, तिचा विचार आम्हाला येथे करायचा आहे.

हज फर्ज आहे, आणि त्याचे अर्कान मक्का, मिना, अरफात व मुजदलिफा एवढ्या परिसरात पूर्ण होतात. मदिनेची हाजिरी हजचा भाग नाही. तरी तिथे न जाता परतण्याची कल्पना आपल्या लोकांना सहन होत नाही. गारे-हिरा, गारे-सौर, जन्नतुल मुअल्ला, मस्जिदे कुबा, मस्जिदे किबलतैन, जन्नतुल बकी ही स्थळे पाहायला माणसे जातात ती सीरतच्या ओढीने. लहानपणी मिलादच्या मजलिशीत ऐकलेली नावे तिथे दगड, चढ आणि अंतर होऊन समोर येतात. हिजरतच्या वेळी रसूलुल्लाह आणि हजरत अबू बक्र यांनी सौरच्या गुहेत तीन रात्री काढल्या, हे आपण शेकडो वेळा ऐकलेले असते. ही गुहा मदिनेच्या वाटेवर नसून मक्केच्या दक्षिणेला आहे. पाठलाग करणारे उत्तरेकडे शोधतील म्हणून उलट दिशेला आसरा घेतला गेला. हे शहाणपण ती जागा पाहिल्यावरच नीट उमजते. किबलतैनमध्ये गेल्यावर हिजरी 2 मध्ये बैतुल मुकद्दसकडून काब्याकडे वळलेल्या किब्ल्याची आठवण होते. उहुदला हजरत हमजा आणि त्यांच्यासोबत शहीद झालेल्या सुमारे सत्तर साथीदारांची माती आहे. अशी जियारत हा इतिहासाचाच एक धडा असतो.

आपल्या भागातले लोक या धड्यापर्यंत कसे पोहोचत, हेही इतिहासच आहे. इस्लापूर तेव्हा हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यातल्या बोथ तालुक्यात होते. 1956च्या राज्य पुनर्रचना कायद्यात बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कल, किनवट आणि राजुरा तालुके यांची नावे घेऊन तो प्रदेश मुंबई राज्याला जोडला गेला. 1960 साली तो महाराष्ट्रात आला. माणसे होती तिथेच राहिली, मुलूख मात्र बदलला.

हजला निघणारा माणूस मीटरगेज गाडीने मुदखेडला, तिथून मनमाडला जाई. मनमाडला रूळ बदलत, गाडी बदले. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दिक मुसाफिरखान्यात बिस्तरा पडे. मग मोगल लाइनचे जहाज. 'मोहम्मदी', 'अकबर', 'नूरजहाँ' ही नावे जुन्या हाज्यांच्या तोंडी नातेवाइकांच्या नावांसारखी असत. समुद्रात आठवडा-दीड आठवडा जाई. तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर कित्येक दशके यात्रेकरूंना उतरवून घेत. तिथे अंगावरचे कपडे वाफेत घालत, साथीचा संशय फिटेपर्यंत थांबवत. पुढे यलमलमच्या समोर आल्यावर एहराम बांधला जाई आणि 'लब्बैक'च्या आवाजाने डेक भरून जाई. जिद्दा ते मक्का उंटावर दोन रात्री लागत, मक्का ते मदिना दहा-बारा दिवस. वाटेत विहीर कुठे, लुटारूंचे भय कुठे, हे सारे यात्रेकरूला ठाऊक व्हावे लागे. 1930च्या दशकापासून मोटारी वाढल्या आणि उंटांचे काफिले मागे पडले. 1995 नंतर भारतातून जहाजाने हजला जाणे बंद झाले. 2018 पासून मक्का-मदिना हे सुमारे साडेचारशे किलोमीटरचे अंतर वेगवान रेल्वेने काही तासांत कापले जाते.

या वाटेवर हैदराबादने दोन मोठ्या खुणा ठेवल्या. पहिली हिजाज रेल्वेची. दमास्कसहून निघालेली ही लोहवाट 1908 साली मदिनेला पोहोचली. तिच्यासाठी जगभरच्या मुसलमानांकडून वर्गणी गोळा झाली. हिंदुस्थानात त्या कामी धडपडणाऱ्यांत हैदराबादचे मुल्ला अब्दुल कय्यूम होते. पहिल्या महायुद्धात ती वाट उद्ध्वस्त झाली. मदिनेचे स्थानक मात्र उभे आहे.

दुसरी खूण मक्केतील निजामाच्या रुबातची. पाचवे निजाम अफजलुद्दौला यांच्या कारकिर्दीत संस्थानातील यात्रेकरूंच्या मोफत मुक्कामासाठी ही सोय झाली. हरमच्या विस्तारात मूळच्या इमारती पाडल्या गेल्या, जागा बदलल्या. पण वक्फ टिकला. संस्थान 1948 मध्ये संपले, 1956 मध्ये त्याचे तीन तुकडे तीन राज्यांत गेले; तरी एकविसाव्या शतकातही रुबातच्या सोडतीत तेलंगण, कर्नाटकातील जुने हैदराबादी जिल्हे आणि मराठवाडा एकत्र येतात. नकाशावरून पुसलेली सरहद्द मक्केतल्या एका खोलीच्या हक्कात जिवंत राहिली आहे. इस्लापूरचा हाजी तिथे अर्ज करू शकतो. पैनगंगेपलीकडच्या विदर्भातल्या त्याच्या मामेभावाला तो हक्क नाही. आपल्यापैकी किती जणांना यामागचा इतिहास माहीत आहे?

आता त्या स्थळांकडे वळू. आपल्या पणजोबांनी पाहिलेले मक्का-मदिना आज पुष्कळसे उरलेले नाही. जन्नतुल बकीतील कबरींवरचे घुमट एकदा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पाडले गेले, पुन्हा बांधले गेले आणि 1925-26च्या सुमारास सौदी राजवटीत कायमचे गेले. हरमवर नजर ठेवून असलेला अज्याद हा उस्मानी काळातला किल्ला 2002 साली टेकडीसकट सपाट झाला. तिथे 601 मीटर उंचीचा घड्याळाचा मनोरा आला. आपल्या मोबाइलमध्ये असतो तोच.

यामागे दोन कारणे आहेत. एक, गर्दी. 2012 साली एकतीस लाखांहून अधिक लोकांनी हज केला. एवढ्यांना जुन्या गल्ल्या सामावून घेणार नाहीत. 2024च्या उन्हाळ्यात तेराशेहून अधिक यात्रेकरू उष्म्याच्या दिवसांत दगावले. सावली, पाणी, रुंद रस्ते हा तिथे जीवनमरणाचा प्रश्न आहे. दुसरे कारण अकीद्याचे : कबरी आणि वास्तूंची पूजा होऊ लागेल, शिर्क घडेल ही भीती. तौहीदबद्दलची ही काळजी आम्ही समजू शकतो. पण वास्तूपुढे झुकणे वेगळे आणि वास्तू वाचणे वेगळे. कुरआन वारंवार सांगते की जमिनीवर फिरा आणि आधीच्या लोकांचे काय झाले ते पाहा. पाहायला काही उरलेच नाही तर इबरत घ्यायची कशी?

गंमत अशी की त्याच देशाने 2019 पासून पर्यटकांसाठी दारे उघडली. अल-उलाजवळचे हिज्र, म्हणजे मदाइन सालेह, 2008 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. वाळवंटातल्या खडकांत कोरलेल्या त्या कबरी पाहायला आता जगभरचे लोक येतात. हदीसमध्ये येते की तबूकच्या मोहिमेत रसूलुल्लाहनी समूदच्या या वस्तीतून सोबत्यांना रडत, अंतर्मुख होऊन जायला सांगितले आणि स्वतः वेगाने पुढे गेले. सहल आणि जियारत यांतला फरक याहून स्पष्ट कोण सांगणार? जागा तीच असते. आपण तिथून काय घेऊन येतो, यावर सारे ठरते.

घेऊन आलेले लिहून ठेवणे ही पुढची पायरी. भोपाळच्या नवाब सिकंदर बेगम 1863-64 मध्ये हजला गेल्या आणि परत आल्यावर त्यांनी जिद्द्याच्या जकातीपासून मक्केच्या घरांपर्यंत जे दिसले ते लिहिले. उर्दूत हजचे सफरनामे पुष्कळ आहेत. मराठीत किती? 1990 साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण आपले जगणे मराठीत मांडण्याची भाषा करतो. मग आपल्या सर्वांत मोठ्या प्रवासाचे मराठी दप्तर इतके रिकामे का?

याचा दोष आम्ही स्वतःपासून सुरू करतो. आमच्या दादांनी जहाजाने हज केला. त्यांची लोखंडी ट्रंक घरात आहे. झाकणावर नाव आणि गाव रंगवलेले अजून वाचता येते. तिच्यात एक वही होती. खर्च, मुक्काम, सोबत्यांची नावे, वाटेत मरण पावलेल्या एकाची नोंद. घर बदलताना ती वही रद्दीत गेली. देणारे आम्हीच होतो. ट्रंकेत आता गोधड्या आहेत.

कंधारला ज्या बुजुर्गांचा दर्गाह आहे, त्यांना लोक हाजी सय्याह म्हणतात. सय्याह म्हणजे फिरस्ता. हाजी आणि फिरस्ता ही दोन नावे आपल्याच मातीने एका माणसाच्या ठायी जोडलेली आहेत. 1995च्या सुमारास जहाजाने गेलेले चाळिशीतले लोक आज सत्तरीत आहेत. आपल्या गावात असे कोणी असतील तर त्यांच्याकडे जाऊन बसा. खर्च किती आला, जहाजात काय खाल्ले, कोण आजारी पडले, मदिनेत तेव्हा कोणती गल्ली होती, हे विचारा आणि ते सांगतील त्याच शब्दांत उतरवून घ्या. जमजमची बाटली ते कपाटातून काढून देतील. वही तुम्ही घेऊन जा.