तेलोक आयरचे मात्सू मंदिर

सिंगापूरच्या गजबजलेल्या व्यापारी भागात, तेलोक आयर स्ट्रीटवर उभे असलेले थिआन हॉक केंग हे चिनी मंदिर मात्सू या सागरदेवतेचे आहे. मात्र त्याच्या दारातून आज समुद्र दिसत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा रस्ता म्हणजेच किनारा होता, आणि चीनच्या फूज्येन प्रांताच्या दक्षिण भागातून शिडाच्या जहाजांनी येणारे होक्किएन बोलीचे लोक सुखरूप उतरल्याबद्दल येथल्या लहानशा देवळात उदबत्त्या लावीत. दर्याच्या भयाला धर्माचे बंधन नव्हते; याच रस्त्यावर दक्षिण भारतातून आलेल्या चुलिया मुसलमानांनी 1828 ते 1830 या काळात नागोरच्या शाहुल हमीद या संताच्या नावाने दर्गा बांधला.

होक्किएन समाजाचे नेतृत्व मात्र प्रारंभी या किनाऱ्यावर नव्हते. 1828 मध्ये स्थापन झालेले हेंग सान तिंग हे देवस्थान त्यांच्या दफनभूमीला जोडलेले होते आणि समाजाचा कारभार तेथूनच चाले. परमुलखात आलेल्यांना मृतांच्या मातीची सोय सर्वांत आधी करावी लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यात नवल वाटत नाही. पुढे व्यापारात स्थिरावलेल्या मंडळींच्या हाती सूत्रे आली आणि 1839 ते 1842 या काळात तेलोक आयरला जुन्या देवळाच्या जागी भव्य मंदिर उभे राहिले. मलाक्का येथे जन्मलेले आणि आपल्या नावाच्या रुग्णालयामुळे आजही परिचित असलेले तान तोक सेंग हे त्याचे प्रमुख देणगीदार होते. देणगीदारांची नोंद 1850 च्या शिलालेखात आहे. दान हे पुण्यकर्म होतेच, पण समाजातील मानाची पायरीही त्यावरून ठरत असे, असे मानण्यास जागा आहे.

1840 मध्ये चीनहून आणलेल्या देवीच्या मूर्तीची मोठी मिरवणूक निघाली. बांधकामाचे लाकूड, दगड आणि कारागीरही बव्हंशी चीनमधूनच आले. खांब आणि तुळया खिळ्यांशिवाय, केवळ खाचा आणि कुसवांनी सांधलेल्या आहेत, तर छताची टोके फूज्येनच्या पद्धतीने पाकोळीच्या शेपटीसारखी उंचावलेली आहेत. तरीही ही वास्तू निव्वळ चिनी राहिली नाही, कारण पुढील काळात तिला स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे ओतलेली लोखंडी दारे बसविण्यात आली. ब्रिटिश बंदरातील श्रीमंतीची ही खूण आहे.

1870 च्या दशकाच्या अखेरीस खाडी बुजविण्याचे काम सुरू झाले आणि समुद्र मंदिरापासून दूर गेला. छिंग घराण्याच्या क्वांगश्यू सम्राटाने दक्षिण समुद्राच्या लाटा शांत राहोत, अशा आशयाचे चार अक्षरांचे लेखन 1907 मध्ये मंदिराला पाठविले, तेव्हा त्या लाटा दारापासून केव्हाच हटलेल्या होत्या. पण सिंगापूरचे धनिक परदेशात राहूनही आपलेच प्रजाजन आहेत, हे दर्शविण्यासाठी राजदरबाराला अशा सन्मानाचा उपयोग होता.

मंदिराचा कारभार पाहणारी होक्किएन हुआय कुआन, म्हणजे त्या बोलीच्या लोकांची सभा, दीर्घकाळ येथेच बसत असे. 1912 मध्ये आय तोंग ही शाळाही याच आवारात सुरू झाली. देवळासमोर देवीला दिसेल अशा जागी नाट्यमंच होता. 1950 च्या दशकात तो पाडून तेथे सभेची स्वतंत्र इमारत उभारण्यात आली.